राखाडी पोथी

"पोथी तुमच्या समाधानाला असते. मला कशाला हवी?" असं म्हणत आमचे गुरुजी लाल रुमाल सोडून पोथी समोर मांडायचे आणि मग तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. तोंडाने मंत्र चालू, नजर यजमानाच्या हातांवर. मधूनच एखादं पान उलटायचे, तेही पोथीला वाईट वाटू नये म्हणून. ओळीवर बोट ठेवून वाचणारे आणि बोट सरकलं की अर्धा मंत्र गिळणारे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील. आमच्या गुरुजींचं तसं नव्हतं. यजमानाने घड्याळाकडे पाहिलं, तर मंत्र न तोडता दोन श्वासांच्या मध्ये म्हणायचे, "घाई देवाला नाही, तुम्हाला आहे."

ग्वाल्हेरात आम्हा मराठी लोकांची घरं आता फार उरली नाहीत. काही इथे माधवगंजात, काही बाड्याच्या चौकाच्या आसपास, काही बिर्लानगरला गिरणीच्या जुन्या क्वार्टरांत. मुलं घरात हिंदीत भांडतात, नातवंडं तर स्वप्नंही हिंदीतच बघत असतील. पण पितृपक्ष आला की सगळ्यांना मराठी गुरुजी हवे असतात. इथले पंडितजी काही कमी नाहीत, पण त्यांची पद्धत निराळी, आणि आमच्या पणजोबांची नावं त्यांच्या तोंडात नीट बसत नाहीत. त्या पंधरवड्यात गुरुजींची स्कूटी सकाळपासून गावभर फिरायची.

मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. आम्ही वरच्या मजल्यावर, गुरुजी आणि काकू खाली. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा संकल्प सांगताना ते मध्येच थांबले. मला वाटलं, ठसका लागला.

"ताई, आज काय आहे?"

"मंगळवार."

"तिथी विचारून राहिलोय."

मी पंचांग आणून दिलं. पुढे माझ्या नवऱ्याचं गोत्र विचारलं. आमचं लग्न याच गुरुजींनी लावलेलं. नवरा कौतुकाने म्हणाला, गुरुजी थकले आता.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. "तुम्ही ऐकलंत," म्हणाले, "म्हणून तुमच्याकडेच आलो. दुसऱ्याला सांगायला माझ्याने होणार नाही."

डॉक्टरकडे जाऊन आले होते. मी विचारलं, काय म्हणाले?

"त्या आजाराचं नाव सांगितलं. तेही विसरलो," आणि एकटेच हसले.

"मंत्र आहेत हो," ते म्हणाले. "मंत्र कुठे जात नाहीत. रोज बदलतं ते राहत नाही. आजची तिथी, कोणाकडे बसलोय, कोणाचा बाप कोण. लोकांना कळलं तर बोलावणं बंद. आणि घरी बसवलंत तर उरलंसुरलंही जाईल माझं. मला दुसरं काही येत नाही, ताई."

त्यांना हवी होती एक अशी वस्तू, जी सगळं लक्षात ठेवील आणि दिसेल मात्र पोथीसारखी. पूजेत मोबाइल काढलेला कोणाला चालत नाही. आधी आम्ही साधा टॅब्लेट आणून बघितला. अंगणातल्या उन्हात गुरुजींनी तो मांडीवर धरला आणि वैतागले. "यात मला माझंच तोंड दिसतं. पितरांच्या जागी माझं तोंड काय कामाचं?" घरात नेला तर उलटं, अंधाऱ्या देवघरात त्यांचा चेहरा निळा उजळायचा आणि यजमानीणबाई देवापेक्षा गुरुजींकडेच जास्त बघायच्या.

मग मी कागदासारख्या पडद्याच्या वाचनयंत्रांच्या मागे लागले. त्यातली बरीचशी फक्त पुस्तकं दाखवतात. त्यात पंचांगाचं अ‍ॅप चालत नाही, नोंदी लिहिता येत नाहीत. काहींची पाटी इतकी लहान, की गुरुजींच्या चष्म्याला एका वेळी दीड ओळ. शेवटी टॅब्लेटसारखी अ‍ॅप चालवणारं एक मोठं यंत्र सापडलं. बाड्यावरच्या दुकानदाराला फोटो दाखवला तर तो कळवळला. "पंडितजी, इसमें रंग नहीं आएगा. वीडियो अटकेगा."

"अटकने दो," गुरुजी म्हणाले. "हमें कौन-सा नाच देखना है?"

यंत्र आलं. मी त्यात ग्वाल्हेरच्या सूर्योदयाचं पंचांग घातलं, त्यांच्या पोथ्यांचे फोटो घातले, आणि घराघरांची नावं ठळक अक्षरांत लिहून दिली. वर कर्ता, खाली वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येक नावाच्या आधी मी 'कर्ता', 'वडील' असं लिहिलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं. "गर्दी होते. नुसती नावं ठेवा. कोण कोणाचा बाप हे अजून समजतं मला." त्या वेळी समजत होतंच.

यंत्र आडवं धरलं, लाल रुमालात बांधलं, आणि झाली पोथी. पान बदललं की मागच्या पानाची अक्षरं पुसट मागे राहायची. ती घालवायचं बटण मी दाखवलं. गुरुजी त्या पुसट अक्षरांकडे बघत म्हणाले, "हे पण माझ्यासारखंच. मागचं सुटत नाही, पुढचं धरवत नाही."

पहिले काही महिने आमची चांगलीच करमणूक झाली. बिर्लानगरला एका वास्तुशांतीत दर्भाने पाणी शिंपडताना थेंब पडद्यावर पडले आणि पानं आपोआप भराभर उलटली. यजमान म्हणाला, वाऱ्याने उलटली असतील. माधवगंजातल्या एका आजीबाईंनी तर पोथी म्हणून यंत्रावर हळदकुंकू वाहून वर अक्षता टाकल्या. कडेच्या फटीत कुंकू बसलं ते कायमचंच. एकदा ऐन पुण्याहवाचनात गुरुजींच्या इंदूरच्या मुलीने पाठवलेली सुप्रभाताची फुलं पडद्यावर उगवली. "फुलंही राखाडी," गुरुजी घरी येऊन म्हणाले, "सुतक असल्यासारखी." मग मी स्पर्शाने पान उलटणं बंद केलं, कडेच्या बटणांवर ठेवलं, आणि सगळे निरोप बंद केले.

पुढचा एक पितृपक्ष निभावला, आणि कोणाला काही कळलं नाही. उलट काहीजण म्हणाले, गुरुजी हल्ली पोथीत बघून नीट सांगतात, वयाने माणूस काळजीपूर्वक होतो. मला मात्र त्यांची नजर दिसायची. ती आता यजमानाच्या हातांवर नसायची. पोथी उघडली की बंद होईपर्यंत ते मान वर करत नव्हते.

काकू एकदा पायरीवर मटार सोलताना म्हणाल्या, "ते आता मला पण त्यातच शोधतील बघ." मी म्हटलं, असं काय बोलता काकू. त्या म्हणाल्या, "सकाळी चहा दिला, तर म्हणाले, बाई, तुमचं गोत्र काय?"

आता दिनकरराव. हे गुरुजींचे शाळेपासूनचे मित्र. यांचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन आले, गुरुजींचे पंचांग घेऊन. दिनकररावांनी वीज मंडळात नोकरी केली आणि तलवार भिंतीवर टांगून ठेवली. चारचौघांत ते मित्राला गुरुजी म्हणायचे, एरवी "काय पंडित". रोज संध्याकाळी दोघं आमच्या जिन्याखाली बसून ज्यांची पेन्शन जास्त त्यांची निंदा करायचे. आजाराचं त्यांना ठाऊक होतं. न बोलता ठाऊक होतं.

दिनकररावांच्या वडिलांचं पितृपक्षातलं श्राद्ध दर वर्षी गुरुजीच सांगायचे. त्या वर्षी काकूंनी मला सोबत धाडलं. यंत्र चार्ज केलेलं होतं, दिनकररावांच्या घरचं पान मीच काढून दिलं होतं. वर दिनकर, खाली गोविंद, खाली आणखी दोन. दिनकरराव पाटावर, उजव्या हातात भाताचा पिंड, जानवं उजव्या खांद्यावर.

गुरुजींनी पडद्याकडे बघत, खणखणीत आवाजात म्हटलं, "अस्मत्पितुः दिनकरस्य वसुरूपस्य..."

म्हणजे, आमचे वडील दिनकर, जे आता पितृलोकात आहेत, त्यांना. सगळ्यात वरच्या, म्हणजे कर्त्याच्याच नावापासून सुरुवात केली होती. पुढे गोविंदरावांना आजोबा केलं, आणि एकेक पिढी वर ढकलत निघाले. दिनकररावांचा हात हवेतच राहिला. संस्कृत कोणाला येत नव्हतं, पण आपल्या माणसाचं नाव सगळ्यांना कळतं. सून स्वयंपाकघरातून धावत आली. "गुरुजी! पापाजी तो सामने बैठे हैं! जिंदा बैठे हैं!"

चूक कोणाची होत नाही? लग्नात मुलाच्या जागी बापाचं नाव घेणारे गुरुजी मी पाहिलेत. ते जीभ चावतात, लोक हसतात, पुढे चालू. गुरुजींनी मान वर केली, समोर बसलेल्या आपल्या मित्राकडे नीट पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि नावावर बोट ठेवून नम्रपणे म्हणाले, "इथे लिहिलेलं आहे."

त्या क्षणी मला ती राखाडी पाटी आपटून फोडावीशी वाटली. तिचं काही चुकलं नव्हतं, हेच वाईट होतं.

दिनकरराव सावरले. "काही गोष्ट नाही पंडित, पुढे सांग," म्हणाले, आणि पुढचं श्राद्ध कसंबसं पार पडलं. पण घरातल्या बायकांचं तोंड कोण धरणार? जिवंत माणसाच्या नावाने पिंड! त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या पंडितांना बोलावून दिनकररावांची शांत करून घेतली. दिनकरराव म्हणाले, "एवढ्याने मरत असतो तर सुटलो असतो." बातमी बाड्यापर्यंत जायला वेळ लागला नाही. पितृपक्षातली उरलेली बोलावणी एकेक करून रद्द झाली, सगळ्यांनी फार गोड बोलून रद्द केली. लोकांची बोलवायची हिंमत नव्हती आणि मी कोणाला दोष देत नाही. मला मात्र फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्याहून वाईट पुढेच होतं. श्राद्धाच्या दुसऱ्याच सकाळी गुरुजी वर आले. डोळे लाल. "ताई, दिनकर गेला, आणि मला कोणी कळवलं पण नाही?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं झालं, बरं झालं," म्हणाले, जिना उतरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. तोच प्रश्न, तेच डोळे. चहाचा पेला घेतला की नाही हे ज्यांना तासाभरात आठवत नव्हतं, त्यांना त्या घरून नेमकं हेच तेवढं घेऊन यायचं होतं! मी यंत्रातून ते पान काढून टाकलं. काही उपयोग झाला नाही. ते आता यंत्राला हातच लावत नव्हते.

संध्याकाळी दिनकरराव यायचे. "अरे पंडित, मीच दिनकर. हे बघ, तुझ्याच सायकलवरून पडलो होतो," म्हणून हनुवटीची खूण दाखवायचे. गुरुजी सभ्यपणे हसायचे आणि मागे सरकायचे. त्यांना भीती वाटायची. गेलेल्या मित्राचं नाव लावून कोणी परका येऊन बसतो, याची कोणाला वाटणार नाही? दोन-तीनदा असं झालं, मग दिनकररावांनी नाव सांगणं सोडलं. नुसते येऊन बसायचे. गुरुजी त्यांना दिनकरच्या गोष्टी सांगायचे. दिनकर कसा भित्रा होता, पण शाळेत मास्तरांच्या छड्या माझ्या वाटच्याही कशा खाल्ल्या त्याने. "असा माणूस नाही हो पुन्हा मिळायचा." दिनकरराव मान हलवायचे. जाताना आमच्या जिन्याच्या कठड्याला धरून जरा वेळ उभे राहायचे.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी काकूंनी मला हाक मारली. गुरुजी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायला तयार नव्हते. दिनकरला कोणी पाणी दिलेलं नाही, ते दिल्याशिवाय मी कसा जेवू, एवढंच धरून बसले होते. मी सांगून पाहिलं, काकूंनी रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी दिनकररावांना फोन केला.

ते आले. दारातच काकूंनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, "दिनकरराव, घरी कळलं तर?"

"एकदा झालंय, आता काय व्हायचंय," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले. "गुरुजी, मी देतो पाणी."

गुरुजी एकदम उठून बसले. काकूंकडून ताम्हण, तीळ, दर्भ मागवले. दिनकररावांना पाटावर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. समोर ना पोथी, ना यंत्र. नजर दिनकररावांच्या हातांवर.

"कोणाच्या नावाने?"

"दिनकर."

"आपलं नातं?"

दिनकररावांनी बोटातलं पवित्रक सरळ केलं. "मित्र," म्हणाले.

"चालतं. मित्राचं पाणी पोचतं, शास्त्रात आहे," असं म्हणून गुरुजींनी मंत्राला सुरुवात केली. कुठे अडखळले नाहीत, एक अक्षर चुकलं नाही. दिनकररावांनी स्वतःच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं. पाणी अंगठ्याच्या बाजूने पडावं म्हणून गुरुजींनी मनगटाला आधार दिला.

मग गुरुजींनी डोळे पुसले आणि काकूंना म्हणाले, "आता ताटं वाढ. यांनाही वाढ, दिनकरचे कोणीतरी आहेत."

दिनकरराव हात धुऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसले.