हार्लनच्या पाच नोटा

मिलर्स फोर्क गावातल्या डेलच्या हॉटेलात व्हर्ना स्टकीनं उभी हयात काढली, आणि तीही खरोखरच उभ्यानं. सकाळी ॲप्रन बांधला की दुपारपर्यंत टेकायचं नाव नाही. गिऱ्हाईक शाळकरी पोर असो की ऐंशीचा म्हातारा, तिच्या तोंडी सगळ्यांना एकच नाव. "बोल सोन्या, अंडी कशी करू?"

पगार डेल देई, पण तो नावापुरता. वाढणाऱ्या बाईनं आपला खरा पगार टेबलावरून उचलायचा, अशी तिकडची रीतच. "मालक ॲप्रन देतो, जेवू गिऱ्हाईक घालतं," असं व्हर्ना म्हणायची. तिचा नवरा लॉइड ट्रक घेऊन गेला तो गेलाच, आणि दोन्ही मुली तिनं टिपांवर वाढवल्या. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव ते विसरूही देत नसे. थोरलीचे वेडेवाकडे दात तारा बांधून सरळ करून घेतले, ते याच पैशांतून. तिच्या लग्नात चर्चच्या दारातच एका म्हाताऱ्यानं नवऱ्यामुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "वरचे पुढचे दोन माझे आहेत बरं का. जप."

तर अशा या गावात व्हर्नाला छळणारा माणूस एकच, हार्लन डिटमर.

हार्लननं जन्मभर सरकारी वजनंमापं तपासली होती. पेट्रोलचा पंप, खाटकाचा काटा, कुणाकुणाची म्हणून त्यानं गय केली नाही. निवृत्त झाला आणि तपासायला काही उरलं नाही, तेव्हा तो रोज सकाळी डेलकडे न्याहारीला येऊ लागला. खिडकीजवळच्या टेबलाशी बसला की खिशातून एकेक डॉलरच्या पाच कोऱ्या नोटा काढायचा आणि मीठदाणीला टेकवून पत्त्यांसारख्या पसरून ठेवायचा. ही व्हर्नाची टिप. वाढण्यात चूक झाली की एक नोट परत खिशात. पण लबाडी नाही. चूक आधी मोठ्यानं सांगायची, मग नोट उचलायची.

"टोस्टचा कोपरा अंड्याला लागला."

"अरे सोन्या, पोटात गेल्यावर भेटणारच आहेत ना दोघं?"

"पोट माझं आहे. ताट तुझं आहे."

गेली नोट.

कधी चार उरायच्या, कधी तीन. फ्लूच्या साथीत व्हर्ना शिंकली, त्या दिवशी एकच. पाचच्या पाच मात्र कधीच नाहीत. एका नाताळात कुणा अनोळखी ट्रकवाल्यानं बशीखाली शंभराची नोट ठेवली होती. व्हर्नानं देवाचे आभार मानले आणि गाडीचे टायर बदलले. त्या शंभराची पुढं तिला आठवणही राहिली नाही. या पाचांनी मात्र तिची झोप उडवली होती.

"मेल्यावर देव विचारील, व्हर्ना, काय केलंस जन्मभर?" ती डेलला म्हणायची. "तर छाती पुढं काढून सांगता आलं पाहिजे, एकदा तरी हार्लनला बिनचूक वाढलं."

शेगडीपुढून डेल म्हणायचा, "देव साक्षीला हार्लनलाच बोलावणार. मग काही खरं नाही तुझं."

खरी अडचण टोस्टची नव्हतीच. टोस्ट वेगळ्या बशीत देता येतो, कॉफी अर्ध्याखाली उतरू न देता ओतत राहता येते. अडचण होती ती विचारपुशीची. जेवण निम्म्यावर आलं की वाढणारीनं टेबलाशी जायचं आणि "सगळं ठीक ना?" असं विचारायचं. हे केलंच पाहिजे. पण हार्लनचं खाणं म्हणजे अखंड नामस्मरण. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात. विचारलं की तो गाल फुगवून बघत राही, सावकाश चावून संपवी आणि म्हणे, "तोंडात घास असताना माणसाला प्रश्न विचारू नये." एक नोट खिशात. नाही विचारलं तर निघताना म्हणे, "आज कुणी विचारलंसुद्धा नाही." तरी एक नोट खिशातच.

पुढं व्हर्नाचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, आता पुरे. शनिवार हा कामाचा शेवटचा दिवस ठरला.

त्या शनिवारी हॉटेल गच्च भरलं होतं. हार्लननं पाच नोटा पसरल्या आणि हॉटेलभर बोलणंच थांबलं. डेलनं टोस्ट असा भाजला की दोन्ही बाजू जुळ्या बहिणी दिसाव्यात. अंड्याचा बलक मधोमध, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे. व्हर्ना कॉफीचं भांडं घेऊन अशी घिरट्या घालत होती, जशी घार पिलावर. हार्लननं कप उचलून उजेडात धरला, बशी फिरवून पाहिली. काही सापडेना. बिचारा घामाघूम झाला.

"चमचा ओला आहे का रे?" पलीकडल्या टेबलावरून कुणीतरी चिडवलं.

"कोरडा आहे," हार्लन खिन्नपणे म्हणाला.

ताट निम्म्यावर आलं. व्हर्ना जाऊन टेबलाशी उभी राहिली. हार्लन चावत होता. सगळं हॉटेल त्याच्या कंठमण्याकडं डोळे लावून बसलेलं. कंठमणी वर गेला, आता खाली येणार, तोच काट्यावर दुसरा घास तयार. अजून थोडे घास, की ताट संपलं आणि जन्माची संधी गेली.

कोपऱ्यात पाद्री एल्डन पॅनकेक खात बसले होते. त्यांनी व्हर्नाकडं पाहिलं, हार्लनकडं पाहिलं, तोंड पुसलं आणि उठून उभे राहिले.

"आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले.

टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. हार्लन श्रद्धाळू माणूस. प्रार्थनेत चावायचं नाही, असं त्याच्या आईनं लहानपणीच त्याला बजावलं होतं. भरल्या गालानं त्यानं डोळे मिटले.

"हे प्रभू, व्हर्नाच्या हातांसाठी आणि पायांसाठी आम्ही तुझे आभार मानतो..." पाद्रींनी एक डोळा उघडला. गाल फुगलेलाच. "...तिच्या मुलींसाठी, त्यांच्या दातांसाठी..." गाल तसाच. "...डेलच्या शेगडीसाठी, कोंबड्यांसाठी, गाईंसाठी, गावच्या पाण्याच्या टाकीसाठी, तिला जी गळती लागली आहे ती तू थांबव, पूल दुरुस्त होऊ दे, मक्याला कणीस धरू दे..."

त्यात एक वाक्यही खोटं नव्हतं, म्हणून देवानंही ते ऐकून घेतलं असावं. पुढं पाद्री रोगराईवर आले, मग विधवांवर, मग समुद्रावरच्या खलाशांवर. ओहायोतल्या त्या गावापासून समुद्र लांबच लांब. पण घास तरी किती वेळ गालात धरणार? खलाशी वादळातून सुखरूप किनाऱ्याला लागले आणि हार्लनचा कंठमणी खाली आला.

"आमेन!" पाद्री जवळजवळ ओरडलेच.

"सगळं ठीक ना, सोन्या?" व्हर्नानं विचारलं.

हार्लननं डोळे उघडले. तोंड रिकामं. काटा अजून ताटातच. त्यानं नोटांकडं पाहिलं, व्हर्नाकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. वरूनही काही मदत आली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला.

उरलेलं त्यानं मुकाट्यानं संपवलं. उठला, पाची नोटा जरा सारख्या केल्या, टोपी घातली. दाराशी जाऊन मात्र मागं वळला.

"प्रार्थना फार लांबली."

"मग? उचलतोस का नोट?" डेल झारा उगारून म्हणाला.

"चूक व्हर्नाची नाही, पाद्र्याची आहे. त्याचं मी उद्या चर्चमध्ये दानाच्या ताटात बघतो."

दार लागलं आणि हॉटेलात जो गलका झाला, तो फाट्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. व्हर्ना हार्लनच्याच खुर्चीत बसली आणि डोळ्यांना ॲप्रन लावून रडली. नोटा तिनं बायबलात ठेवल्या, खर्च करायच्या नाहीत असं ठरवून.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला तिला जाग आली. करायला काहीच नव्हतं. ती डेलकडे गेली आणि गिऱ्हाईक होऊन खिडकीजवळ बसली. शेजारच्या टेबलाशी हार्लन. तिच्या जागी आलेली जोलीन, चांगली चाळिशीची, अनुभवी बाई, अंडी ठेवून गेली. व्हर्नानं पर्समधून बायबल काढलं, त्यातल्या पाच नोटा काढल्या आणि तिचं तिलाच कळायच्या आत मीठदाणीला टेकवून पसरल्या.

अंडी बरी होती. टोस्टचा कोपरा बलकाला लागला होता, तिकडं तिनं मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. दुसरा घास तोंडात घातला आणि जोलीन हसत पुढं आली.

"सगळं ठीक ना, व्हर्ना?"

व्हर्ना गाल फुगवून तिच्याकडं बघत राहिली. चावता चावता तिचा हात आपोआप नोटांकडं सरकला आणि मध्येच थांबला. तिनं चोरून शेजारी पाहिलं.

हार्लनच्याही तोंडात घास होता. त्यानं नुसतीच मान हलवली. उचल.