खात्रीबाईंचा ड्रम पॅड

वकिलाच्या कचेरीत वर्षानुवर्षं टायपिंग करून निवृत्त झालेल्या त्या बाईंना सगळे खात्रीबाईच म्हणत. दूधवाला असो नाहीतर डॉक्टर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खात्री काय?"

निवृत्तीनंतर बोटं स्वस्थ बसेनात. जेवणाचं टेबल, खिडकीची चौकट, जिथे टेकतील तिथे ताल धरत. शेवटी सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस रबरी चौकोनांच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर बोटांनी ड्रम वाजवत होता.

"आई, असा पॅड घ्या. हेडफोन लावला की हवं तेवढं बडवा."

हिला माझं शिकणं हवंय की घरात शांतता? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्या दुकानात गेल्याच.

टक्कल पडलेल्या विक्रेत्याने झगमगत्या दिव्यांचा भलाथोरला पॅड पुढे करून धडाधड वाजवला.

"तुम्ही अख्ख्या हाताने बडवताय," बाई म्हणाल्या. त्यांनी करंगळी टेकवली. पॅड ढिम्म.

"नवा आहे, काकू. वापरून सैल होईल."

"तोवर माझं बोट सैल होईल त्याचं काय?"

तेवढ्यात त्यांना खालच्या फळीवर, फडक्याखाली झाकलेला एक छोटा पॅड दिसला. रबरी चौकोनांचा, साधासुधा.

"तो बिघडलाय," विक्रेता घाईघाईने म्हणाला.

बिघडलेल्या वस्तूवर कुणी स्वच्छ धुतलेलं फडकं घालतं? "बिघडलेलाच दाखवा," बाई हटून बसल्या.

करंगळी नुसती लागली आणि हलकेच टिक वाजलं. जरा दाबली तर खणखणीत ठण्. एकही चौकोन मुका नव्हता. विक्रेत्याचे कान लाल झाले.

"खरं सांगू काकू? दुकान रिकामं असलं की मी यावर वाजवतो. विकला जाऊ नये म्हणून बिघडलाय म्हणतो."

"वाजवा बघू."

त्याने दाराकडे पाहिलं आणि बोटं चालवली. दिखाऊपणा नाही, घाई नाही. माणूस स्वतःशी गुणगुणतो तसं. बाई ऐकत राहिल्या. आणि लगेच वाटलं, ही माल खपवायची नवी तऱ्हा तर नव्हे?

"असाच, पण नवाकोरा मागवून द्या."

तो पावती करायला वळला, तशी बाईंनी पर्समधून नेलपॉलिश काढून पॅडच्या तळाशी ठिपका लावला. हाच पुसून गळ्यात मारला, तर पकडता येईल.

खोकं घरी आलं. बाईंनी पॅड उलटा केला. ठिपका नव्हता. खरवडून काढला असेल म्हणून वासही घेतला. कोऱ्या रबराचा वास होता. वाजवायला बसल्या, तर करंगळीला आवाजच येईना. पॅड उचलून तशाच तणतणत दुकानात गेल्या.

"फसवलंत मला!"

त्याने शांतपणे पॅडच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची तीव्रता वाढवली. करंगळी बोलू लागली. मग तो हसून म्हणाला, "माझ्या पॅडखाली लाल ठिपका उगवलाय. तुमचाच ना?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझाच. पण बिघडलाय म्हणून आधी थाप कुणी मारली?"

"मीच," त्याने कबूल केलं आणि दोन्ही पॅड शेजारी-शेजारी ठेवले. "वाजवा."

बाईंनी टायपिंगच्या वेगाने बोटं सोडली. ताल पार विस्कटला.

"हळू, काकू. आणखी हळू."

एवढं हळू वाजवायला लावून हा आपली गंमत तर बघत नाही? बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो डोळे मिटून मान हलवत होता. बाईंनी वेग निम्मा केला, आणि ठोका पहिल्यांदाच जागेवर पडला.