मला शपथ घेता आली नाही

देवळाच्या पायऱ्यांपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे मी उभा होतो. ऊन डोक्यावर आलं होतं. आमचा हुतूतूचा सगळा संघ आत गाभाऱ्यासमोर होता आणि मी बाहेर. थोड्या वेळानं दत्ताराम बाहेर आला. तो संघाचा कप्तान. कपाळभर भंडारा. त्याच्या मागून त्याचे चुलते भाऊसाहेब आले. गावचे मोठे जमीनदार आणि सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. वरच्या पायरीवर उभं राहून ते मला म्हणाले,

"दत्तारामानं बेलभंडार उचलला. त्याच्यावरचा आळ फिटला. आता तुझं काय रं?"

"मी बी उचलतो, भाऊसाहेब."

मागून बाहेर आलेली संघातली पोरं हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. ते फार नियमानं चालणारे गृहस्थ होते.

"उचल की. कोण नको म्हणतो? पण उचलणार कसा? देवळात येणार हायेस?"

"मंग भंडार बाहेर आना. मी हितंच उचलतो."

आता मात्र कोणी हसलं नाही. देवाचा भंडारा महाराच्या हातात द्या म्हणतो, म्हणजे याला मस्ती आली, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भाऊसाहेबांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

"नियम म्हंजे नियम. ज्याच्यावर आळ हाय त्यानं देवापुढं शपथ घ्यायची. न्हाईतर खेळायचं नाय. नियम सगळ्यांना सारखा."

सारखा. हा शब्द मी त्या दिवशी असा ऐकला की अजून कोणी तो उच्चारला की मी आधी तो कुठल्या पायरीवर उभा आहे ते बघतो.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता, रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर बघायलाही नव्हती. पण भाताची कापणी-झोडणी झाली, शेतं मोकळी झाली की हुतूतूला ऊत यायचा. एखादं सपाट शेत धरायचं, धसकटं काढायची, शेणानं सारवायचं, राखेनं रेघा ओढायच्या. कर्जत आणि खालापूर दोन्हीकडच्या गावांनी मिळून एक मंडळ केलं होतं. त्यांचे सामने, त्यांचे पंच, आणि शेवटी जिंकणाऱ्याला चांदीचा मुलामा दिलेली ढाल.

मी महारवाड्यातला. बा गावचा वेसकर. वेशीची राखण आणि गाव सांगेल ती सगळी कामं त्याच्याकडे. मी महारवाड्याच्या पोरांत खेळायचो. माझा दम लांब होता आणि पकड चिवट. घोटा माझ्या हाताला लागला की सुटत नसे. एकदा दत्तारामानं बांधावरून बघितलं. त्याला ढाल हवी होती. भाऊसाहेबांनाही हवी होती, कारण खालापूरवाले ती सोडत नव्हते. मग मला घ्यायचं ठरलं.

पण हुतूतू म्हणजे शिवाशिवीच. मला घ्यायचं तर विटाळाचं काय करायचं? त्यावर मंडळानं बैठक घेतली. मोठमोठी माणसं बसली आणि असा निवाडा दिला: पंचानं शिट्टी मारल्यापासून दुसरी शिट्टी होईपर्यंत, राखेच्या रेघांच्या आत, विटाळ नाही. रेघेच्या बाहेर आहे. खेळ संपला की घरी जाण्याआधी सगळ्यांनी नदीवर आंघोळ करायची.

तुम्हांला हसू येईल. मला तेव्हा आलं नाही. मला ते फार मोठं वाटलं. रेघांच्या आत दत्ताराम माझ्या खांद्याला खांदा लावून साखळी धरायचा. मी ब्राह्मणाच्या पोराची मांडी धरून त्याला धुळीत लोळवायचो आणि लोक माझ्या नावानं ओरडायचे. शिट्टी झाली की तोच दत्ताराम चार हात लांबून तांब्यानं माझ्या ओंजळीत पाणी ओतायचा. मी ते प्यायचो, आणि मनात म्हणायचो, असू दे. आज रेघांच्या आत, उद्या बाहेर. कसला खुळा होतो मी.

त्या साली आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. खालापूरला, खालापूरच्याच संघाशी. आणि त्याच्या आधी दोन आळ आले.

पहिला दत्तारामावर. रानातल्या लाकडावरून त्यानं लहान्या नावाच्या कातकऱ्याला मारलं. नुसतं मारलं नाही, पाय मोडला. लहान्याची बायको कर्जतला चौकीवर जाऊन रडली. शिपाई आला, भाऊसाहेबांच्या ओटीवर बसला, जेवला आणि गेला. पण बोभाटा झाला. खालापूरवाले म्हणाले, असला माणूस खेळवायचा नाय. तेव्हा भाऊसाहेबांनीच मंडळाकडून तो नियम करून घेतला. आळ असेल त्यानं बेलभंडार उचलावा, उचलला की सुटला. लहान्याला कुणी विचारलं नाही. तो झोपडीत पायाला बांबूच्या कांबी बांधून पडला होता.

दुसरा आळ माझ्यावर. शिळफाट्याजवळच्या सामन्यात पंच गुरुजींचं खिशातलं घड्याळ गेलं. गुरुजी मंडळाचे पंच, शाळामास्तर, तसा गरीब माणूस. खेळताना सगळ्यांचे सदरे-कोट आंब्याच्या फांदीवर टांगलेले होते. माझा सदरा तिथं नव्हता. त्यांच्या कपड्यांना माझे कपडे लागू नयेत म्हणून मी तो लांब बांधावर, दगडाखाली ठेवायचा, असा शिरस्ता होता. त्या आंब्याखाली जायची मला बंदी. आणि त्याच आंब्यावरच्या कोटातलं घड्याळ मी चोरलं म्हणे! पहिल्यांदा कोण म्हणालं? ते कधीच कळलं नाही. "म्हणतात," एवढंच प्रत्येक जण म्हणायचा. माझ्या खोपटाची झडती घेतली. आयेची गाडगी-मडकी बाहेर काढून उपडी केली. काही सापडलं नाही. तर म्हणाले, विकलं असेल.

देवळापुढच्या त्या दुपारनंतर मी घरी आलो आणि जेवलो नाही. लाज वाटत होती. चोरी न केलेल्या माणसाला चोरीची लाज वाटते, हे तेव्हा कळलं. बाया पाणी भरताना बोलायच्या थांबल्या की वाटायचं, माझंच चाललंय.

सामन्याच्या आदल्या दिवशी दत्ताराम महारवाड्याच्या कडेला आला. माझ्याशिवाय खालापूरचे गडी धरता येणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काकांनी वाट काढलीय," तो म्हणाला. "तू कबूल हो. घेतलं म्हण. मंडळ तुला माफ करंल आन् उद्या खेळशील."

"मी घेतलंच नाय."

"आरं, घेतलं नसशील. पण म्हणायला काय जातंय? तुमच्यातल्या मानसाला येवढं काय त्याचं?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हा माणूस माझ्या गळ्यात हात टाकून खेळला होता. कातकऱ्याचा पाय मोडून शपथेवर सुटला होता. आणि न केलेली चोरी मी केली म्हणावी, ही त्याला माझ्यावरची मेहरबानी वाटत होती. तो वाईट बोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं. त्यानंच मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, "जा." मालकाच्या पुतण्याला असं एका शब्दात मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

दुसऱ्या दिवशी संघ बैलगाडीतून खालापूरला गेला. बा सामान सांभाळायला गाडीमागून चालत. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आडवाटेनं, एकटा गेलो. जाऊन काय करायचं ते ठरलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, सामना बघायचीही ओढ होती.

मैदानाभोवती दाटी झाली होती. गाड्यांवर, बांधांवर, झाडांवर माणसं. दोन्ही संघ रेघांबाहेर उभे. गुरुजींनी शिट्टी हातात घेतली होती. दत्ताराम मांडीवर थाप मारून लोकांना दाखवत होता आणि लोक टाळ्या देत होते. त्या टाळ्या ऐकल्या आणि मला राहवलं नाही. मी माणसांतून पुढं गेलो. माणसं आपोआप बाजूला झाली, मला लागू नये म्हणून. सरळ जाऊन मधल्या रेघेवर उभा राहिलो.

"मी चोरी केली नाय," मी ओरडलो. "शपथ घ्यायला मला देवळात घेत नाय आन् बाहेर भंडार देत नाय. ज्यानं मला चोर म्हटलं त्यानं हितं येऊन म्हनावं. आन् दत्ताराम खेळनार असंल तर मी बी खेळनार. मला बसवायचा तर त्याला बी बसवा."

"काढा रं त्याला भाईर!" भाऊसाहेब कडाडले.

चार गडी धावले. माझ्याजवळ आले आणि थबकले. कारण शिट्टी झाली नव्हती. खेळ सुरू नव्हता. मला धरायचं तर विटाळ होणार, तोही एवढ्या लोकांसमोर. त्यांचीच बैठक, त्यांचाच निवाडा. चौघं माझ्याभोवती हात पसरून उभे राहिले, गुरं वळवतात तसे, आणि "हट, हट" करू लागले. मी हललो नाही.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, शिट्टी मारा! मंग आमी उचलून टाकतो!"

गुरुजी घामाघूम झाले. म्हणाले, "शिट्टी मारली तर तो खेळाडू ठरतो हो!"

खालापूरचे लोक खदाखदा हसायला लागले. भाऊसाहेबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. त्या रेघांत त्यांनी मला बरोबरीचा कधी केलाच नव्हता. त्यांना माझे हात हवे होते, तेवढ्यापुरता विटाळ उचलून ठेवला होता. काम झालं की परत माझ्या अंगावर टाकायला.

मग भाऊसाहेबांना तोड सुचली. "वेसकराला बोलवा," ते म्हणाले. "त्याचं पोर त्यानंच न्यावं."

बा गाड्यांपाशी बसला होता. तो उठला, आला. वाटेत भाऊसाहेबांसमोर वाकून जोहार घातला आणि मग माझं मनगट धरलं.

"चल रं बाबा. चल घरला."

"बा, मी घड्याळ घेतलं का?"

"नाय."

"मंग मोठ्यानं सांग. समद्यांना सांग."

बानं मान वर केली. भाऊसाहेबांकडे बघितलं. माझं मनगट सोडून तो तसाच मागं वळला आणि गाड्यांकडे चालू लागला. मी त्याला तेव्हा मनातून फार शिव्या दिल्या. वर्षाचं पोटाला मिळणारं धान्य भाऊसाहेबांच्या खळ्यावरून येतं, हे मला माहीत होतं, तरी दिल्या.

पुढचं सांगायला फार नाही. काठीला विटाळ नसतो. कोणाला तरी ते आठवलं. दोन काठ्या आल्या, मग आणखी. पाठीवर, पोटरीवर, कोपरावर. मी रेघेवर बसलो, मग आडवा झालो, मग त्यांनी काठ्यांनीच लोटत मला बाहेर बांधापर्यंत नेलं. मंडळाच्या नियमात याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. माझ्या रक्ताचे डाग रेघेवर पडले होते, त्यावर नवी राख टाकली आणि गुरुजींनी शिट्टी मारली.

ते जिंकले. हे सांगायलाच हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की माझ्याशिवाय ते हरले असतील. हरले नाहीत. दत्ताराम मस्त खेळला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, ढाल गाडीत ठेवली, आणि बा त्या गाडीमागून चालत घरी आला.

मी बांधावर पडून विचार केला. आळ असलेल्या माणसाला खेळवू नये, असं खालापूरवाले म्हणत होते. त्यांना ढाल राखायची होती, पण बोलणं खोटं नव्हतं. ज्यानं दुसऱ्याचा पाय मोडला त्यानं ते निस्तरेपर्यंत मैदानात मांड्या थोपटू नयेत, असं मलाही वाटतं. बसवा त्याला. पण बसवायच्या आधी आळ घेणारा समोर उभा करा. लहान्याला उचलून आणा, त्याला बोलू द्या. मला चोर म्हणणाऱ्याला आणा. यातलं काही न करता, सुटायची वाट देवळातून ठेवायची आणि देवळाचं दार एकालाच उघडं ठेवायचं, याला नियम म्हणायचं नाही. ही निवड झाली. आमच्यातला कोण आणि त्यांच्यातला कोण, याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांचा गडी महारवाड्याच्या कडेला येऊन ओरडला. चावडीवर ये, सगळ्यांपुढं नाक घास, गाव पदरात घेईल. बा दारात बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा बाबा. घटकाभराचं काम हाय."

माझं अंग ठणकत होतं. मी भिंतीला धरून उठलो, बाहेर आलो, आणि त्या गड्याला म्हटलं, "सांग त्यांना. मी नाक घासनार नाय. शपथ घेनार नाय, देवळात नेलंत तरी नाय. मी चोर नाय हे सांगायला बी येनार नाय. ज्याला मी चोर वाटतो त्यानं हितं, माझ्या दारात यावं. हाताच्या अंतरावर उभं राहावं. आन् सिद्ध करावं. तवर गावाचं एकबी काम मी करनार नाय."

"आन् तुझा बा?" गड्यानं विचारलं.

"त्याचं त्यानं बघावं. माझं मी सांगितलं."

महिनाभरात आमचं धान्य बंद झालं. बा अखेरपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. दारात येऊन उभं राहायला कोणी आलं नाही. मीही चावडीवर गेलो नाही. जाणारही नाही.