बाळशेठच्या गिरणीतलं एम.एस्सी.

भातगिरणीत तीस वर्षं उभं राहिलं की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. कानात कोंडा आणि डोक्यात किस्से. कोंडा आंघोळीला निघून जातो. किस्से निघत नाहीत, एक काढायला जावं तर त्याला धरून आणखी चार बाहेर येतात. म्हणून सगळे सांगत बसत नाही. आमच्या शेठच्या उषाच्या ॲडमिशनचे तेवढे सांगतो.

गिरणी जुन्या पनवेलात. मालक बाळशेठ, मशीनवर मी. गद्रे गुरुजी रिटायर झालेले, ते रोज सकाळी आमच्याकडं पेपर वाचायला यायचे, कारण पेपर शेठचा आणि खुर्ची सावलीत. आणि उषा, शेठची एकुलती एक. लहानपणापासून पोत्यांवर बसून अभ्यास केला तिनं. नव्वदनंतरची गोष्ट असेल, ती बी.एस्सी. झाली, फर्स्ट क्लास मिळाला, आणि एकाच दिवशी दोन पत्रं आली.

एक मुंबईच्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं, बायोकेमिस्ट्रीला घेतलंय म्हणून. दुसरं खाली कोकणातल्या एका लहानशा कॉलेजाचं. तिथं एक प्रोफेसर होते, भाताच्या जुन्या जातींवर जीव टाकणारे. उषाला तिकडं जायचं होतं. शेठला ती मुंबईला जायला हवी होती. पंधरा दिवसांत काय ते कळवायचं होतं.

* * *

शेठनं पहिलंच पत्र फोडलं आणि पेढे आणले. दुसरं पत्र दोन दिवस तसंच गल्ल्यावर पडून होतं.

पेढे वाटताना जो येईल त्याला शेठ युनिव्हर्सिटीचं वर्णन ऐकवायचे. करंजाड्याची पारूबाय भात भरडायला आली होती. तिलाही ऐकवलं. "लय मोठी हाय. या टोकापासून त्या टोकाला चालत जायला अर्धा दिवस लागतो."

पारूबायनं पेढा तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाली, "मंग पोर शिकंल कवा?"

* * *

एकदा डोळ्यांनी बघितली की पोरगी भुलेल, असं शेठला वाटलं. गिरणी रविवारी बंद, म्हणून आम्ही रविवारी निघालो. गिरणीचाच टेम्पो. गुरुजी नेसले होते पांढरं धोतर, म्हणून ते पुढं. शेठ चालवायला. उषा आणि मी मागं, कोंड्यात.

युनिव्हर्सिटीसुद्धा रविवारी बंद असते हे गुरुजींनाही सुचलं नव्हतं. गेटवरच्या वॉचमननं आम्हाला बघितलं, कोंड्यानं पांढरे झालेले, आणि माल मागच्या गेटनं आणा म्हणाला. शेठनं त्याला समजावलं, माल नाय, ॲडमिशन हाय. त्यानं नाही सोडलं. शेठ बाहेरूनच भिंतीला हात लावून आले. दगड एक नंबर आहे म्हणाले.

मग एका खानावळीत जेवायला बसलो. पहिला घास घेतल्याबरोबर उषा उठली आणि हा कुठला तांदूळ म्हणून विचारत आत गेली. आमची जेवणं झाली, हात धुऊन झाले, तरी ती बाहेर येईना. शेठ बघायला गेले. आत उषा चुलीशेजारी बसून आचाऱ्याला सांगत होती की तुम्हाला कोळंबा तांदूळ म्हणून भलतंच विकलंय. आचारी वहीत लिहून घेत होता.

तर युनिव्हर्सिटी आम्ही बाहेरून बघितली आणि खानावळ आतून.

* * *

त्याच आठवड्यात खांदा कॉलनीतून एक स्थळ आलं. मुलगा तळोज्याला कंपनीत, सुपरवायझर. मुलाच्या आईचं म्हणणं, एम.एस्सी. करू दे, पण मोठ्या युनिव्हर्सिटीचं, म्हणजे पत्रिकेत नावापुढं छापायला बरं. शेठ एकदम खूश. मुंबईचं नक्की झालंय म्हणून सांगूनही टाकलं.

मग दोघांना बोलायला पाच मिनिटं ओटीवर बसवलं. मुलगा भला होता, तुम्हीच विचारा काही म्हणाला. उषानं विचारलं, तुमच्याकडं जेवायला भात कुठला असतो?

मुलगा बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "पांढरा."

उषा उठून आत आली, ती पुन्हा बाहेर गेलीच नाही.

* * *

गुरुजी म्हणाले, अशानं काही होणार नाही, रीतसर मार्क देऊ. त्यांनी कागद घेतला, लाल पेन घेतलं. नाव, इमारत, नोकरी, लग्न, घरापासूनचं अंतर, असे विषय पाडले. मुंबईला मिळाले अठ्ठ्याहत्तर. कोकणातल्या कॉलेजाला "आवड" या एकाच विषयात भरभरून मार्क पडले, बाकी सगळीकडं भोपळे. बेरीज झाली चौतीस.

गुरुजींचा हात थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बाळशेठ, उभ्या नोकरीत चौतीसवर कुणाला नापास केलं नाही मी." आणि एक मार्क ग्रेसचा देऊन टाकला.

शेठ म्हणाले, पास झाली तरी दुसरीच आली ना.

* * *

आता माझी चूक सांगतो. उषानं गावोगावच्या गिऱ्हाइकांकडून मूठमूठ, पायलीपायली मागून भाताच्या जुन्या, वाकसळ, पाटणी अशा नऊ जातींचं बियाणं जमवलं होतं. नऊ गाठोडी माळ्यावर होती. शेठ मला म्हणाले, माळा रिकामा कर. आता गिरणीतल्या माणसाला माळ्यावर भात दिसला तर तो काय करणार? मी भरडून टाकला. नऊच्या नऊ गाठोडी, एकत्र.

उषानं बघितलं. ओरडली नाही. हातात तो तांदूळ घेऊन बसून राहिली. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. भरडलेल्या दाण्याला कोंब येत नाही, आणि नऊ वेगळे करणं देवाच्याही हातचं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "नामाकाका, तुम्ही जेवा आता." मी डबा तसाच घरी नेला.

तांदूळ गुरुजी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गद्रेकाकू स्वतः पिशवी घेऊन हजर. म्हणाल्या, कालचाच द्या, ह्यांनी तीनदा भात घेतला.

उषा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. पण संध्याकाळी तिनं मुंबईचा फॉर्म काढला आणि पोत्यावर बसून भरायला घेतला.

* * *

आणि हा शेवटचा.

कळवायला तीन दिवस उरले होते. शेठनं इस्त्रीचा सदरा घातला, पेणला मशीनचा पार्ट बघायला जातो म्हणून घरी सांगितलं आणि माझ्या कानात खरं सांगितलं. ते त्या कोकणातल्या प्रोफेसरलाच भेटायला चालले होते. हात जोडणार होते, माझ्या पोरीला घेऊ नका म्हणून. त्यानंच नाही म्हटलं की प्रश्न मिटला.

त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीच्या दारात उभे. दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, इस्त्रीच्या सदऱ्याचं पोतं झालेलं. घरी न जाता सरळ गिरणीत. उषा फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती. सही तेवढी राहिली होती.

शेठनं मला मशीन बंद करायला सांगितलं. पट्टा थांबला. गुरुजींनी पेपर खाली केला.

"बाय," शेठ म्हणाले, "तुझ्या प्रोफेसरकडं गेलतो. दोन दिस त्याच्यासंगती शेतात होतो."

"काय म्हणाले सर?"

"मानूस चांगला हाय. जेवायला घातलं. पन वाकसळला पाटणी म्हनतो."

उषानं मान वर केली. "नाही हो बाबा. सर कसे चुकतील?"

"मी दाना सोलून दाखवला. चावून दाखवला. दोन दिस भांडलो, ऐकत नाय. पुस्तकात हाय म्हनतो." शेठ खाली बसले आणि चिखलाचे पाय लांब केले. "धा पोरं हायत त्याच्याकडं. धाच्या धा चुकीचं शिकतायत."

शेठनं तिच्या पुढ्यातला फॉर्म घेतला, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"सोमवारी जा," ते म्हणाले. "अन् पयलं त्याला सुधार."