कोरडी खाणवस्ती

भिंगकाकांचा दुधावर विश्वास नव्हता, घड्याळावर नव्हता आणि लोक म्हणत, आरशावरही नव्हता. नगरपालिकेच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस हातात आलेला कागद आधी उलटा करून बघायचा. मागे काय दडवलंय म्हणून. बायकोने गोळी दिली तरी पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. "लग्नात माझ्याही पाठीवर तारीख शोधली असेल यांनी," ती म्हणायची.

शाई आणि पारदर्शक कागद जाऊन संगणक आले तेव्हा सगळा विभाग खूश झाला आणि काका आजारी रजेवर गेले. परत आले ते एका अटीवर: सॉफ्टवेअर मुक्त पाहिजे, ज्याचं आतलं लिखाण कोणीही उघडून वाचू शकेल असं.

"फुकट ते पौष्टिक का?" साहेबांनी विचारलं.

"फुकट म्हणून नाही, साहेब. उघडं आहे म्हणून. झाकलेल्या भांड्यात पाल पडली तरी कळत नाही."

त्यातली एक ओळही त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती. पण वाचणारं जगात कोणीतरी आहे, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

त्याच सॉफ्टवेअरवर त्यांनी शहराचा पूर-नकाशा केला. उपग्रहावरून मोजलेल्या जमिनीच्या उंच्या घ्यायच्या, नदीचं पाणी त्यावर चढवत न्यायचं आणि कुठे किती बुडतं ते निळ्या रंगात पाहायचं. जिथे गुडघ्याच्या वर पाणी दिसेल त्या वस्त्यांकडे पुराच्या आदल्या दिवशीच होड्या जाणार होत्या. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. शुक्रवारी यादी पक्की व्हायची होती.

सोमवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती खाणवस्तीत राहायची; दगड काढून काढून झालेल्या जुन्या खड्ड्याच्या पायऱ्यांवर उठलेली ती वस्ती.

"दादा, आमचं नाव यादीत नाही म्हणे. नकाशात आम्ही कोरडे आहोत."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते सोड. गेल्या पुरात आम्ही कपाटावर चढून बसलो होतो, हे तुझ्या नकाशाला ठाऊक आहे का?"

काकांनी नकाशा उघडला. खाणवस्तीवर फिकट, धुऊन काढल्यासारखा निळा: चार बोटं पाणी. त्यांनी खाणीवरून आडवी रेघ ओढली आणि जमिनीचा छेद मागवला. खाण नव्हतीच. या काठापासून त्या काठापर्यंत जमीन पाटीसारखी सपाट. त्यांना धक्का बसला, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो चोर अखेर घरात शिरला होता.

चोर कोण? साहेब तर परवाच म्हणाले होते, "खाणवस्ती कोरडी आली? चला, दोन होड्या वाचल्या." आणि शेजारच्या टेबलावरची नवी इंजिनीअर रोज न चुकता 'काका, कसे आहात' विचारायची. इतकं गोड बोलतं माणूस, ते उगाच? दोन दिवस काका फायलीच्या आडून पाहत राहिले. कोण कधी उठतं, कोणाचं बोलणं आपण आत आल्यावर तुटतं. जिन्यावरची पावलंसुद्धा त्यांना संगनमत केल्यासारखी वाटू लागली.

गुरुवारी न राहवून त्यांनी त्या इंजिनीअरला गाठलं. "माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

"मी तरी नाही. तुमच्या खुर्चीला नुसता हात लागला तरी तुम्ही फडकं घेऊन येता."

"माझी खाण कोणीतरी बुजवली आहे."

ती हसली नाही. "मग इतिहास उघडा की, काका. कोणती आज्ञा कधी दिली, सगळं वेळेसकट लिहून ठेवतं ते."

उघडला. गेल्या आठवड्यातला मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं. आज्ञा: खळगे भरणे. उपग्रहाच्या मोजणीत खोटे, बारीक खळगे राहतात. वाहतं पाणी त्यात अडकतं, म्हणून पाण्याची वाट शोधण्याआधी ते भरून घ्यायचे. पण पाण्याची खोली मोजताना मूळ जमिनीकडे परत यायचं. इथे परत कोणी आलंच नव्हतं. खोटा खळगा कुठला आणि माणसं राहतात तो कुठला, हे यंत्राला काय कळणार? त्याने दोन्ही काठोकाठ भरले.

"पण तेव्हा कोणीही बसलं असेल इथे," काका म्हणाले.

"तुमचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

दर पंधरा दिवसांनी ते तो बदलत. बायकोलाही सांगत नसत. सगळ्या दारांना त्यांनीच कुलपं लावली होती. आत एकच माणूस उरला होता.

मूळ जमीन घेऊन त्यांनी खोली पुन्हा मोजली. खाणवस्ती काळीनिळी झाली. बहिणीच्या घराच्या ओळीत पुरुषभर पाणी. इंजिनीअरला सोबत घेऊन ते साहेबांकडे गेले.

"साहेब, नकाशा चुकलाय. चूक माझी आहे."

साहेबांनी नवा नकाशा पाहिला, मग काकांकडे पाहिलं. "तुमची बहीण तिथेच राहते ना हो?"

"हो."

"आणि यादीच्या आदल्या दिवशी नेमकी तीच वस्ती बुडायला लागली."

ही नजर काकांच्या ओळखीची होती. तिनेच त्यांनी आजवर जग पाहिलं होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर ठेवला नसता. मूळ फाइल हिला द्या. हिच्या यंत्रावर, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. मी बाहेर थांबतो."

बाहेरच्या बाकावर ते पाऊण तास बसले. दार बंद. तीही खळगे भरून परत यायला विसरली तर? दोनदा उठले, दाराच्या कडीपर्यंत हात गेला, दोनदा परत येऊन बसले. शेवटी साहेबांनीच दार उघडलं.

"पुरुषभरच येतंय," ते कुरकुरले आणि उभ्या उभ्याच यादीवर सही केली.

काकांनी तिथूनच फोन लावला. "तुझं घर पाण्यात आलं गं."

"आलं? बरं झालं बाई!" मग लगेच, "आणि आधी कोरडं कोणी केलं होतं?"

"मी."

पलीकडे बादलीवरचा नळ बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली, "होडी वरच्या पायरीला लागणार की खालच्या, तेवढं सांग. सासूबाईंना चालवत न्यायचंय."