उतारावर बंद केलेलं इंजिन

हेमामालीअक्का वॉर्डात शिरली की पडदा वर गेल्यासारखं वाटायचं. बाळंतिणी कण्हणं विसरून तिच्याकडे बघत राहायच्या. बंडारवेलाच्या डोंगरातल्या त्या लहानशा हॉस्पिटलात तिने अर्धं आयुष्य बाळंतपणं केली. कामावर यायची ती ड्रायव्हरशी भांडत, कंडक्टरच्या गाण्याला नावं ठेवत, भरल्या बसमधून. काय दिवस होते ते!

मग श्रीलंकेतलं पेट्रोल-डिझेल आटलं आणि बस थांबली. त्या सकाळी ती दयापालच्या रिक्षात बसली, तेव्हा परवापासून वॉर्डात एकटी राबणारी तरुण नर्स सुनेत्रा फोनवर रडत होती. "अक्का, एक बाई अडलीय. मला एकटीला जमत नाहीये. ये गं लवकर!"

"टाकीत तळाशी थोडंसंच आहे," दयापाल म्हणाला. "उतारावर इंजिन बंद करतो, म्हणजे पुढची चढण निघेल. हल्ली सगळे तेच करतात."

"आणि दिवा? भोंगा?"

"चावी फिरवली की तेही बंद."

"मेल्या, एवढा चिक्कू! बायकोला श्वास तरी पोटभर घेऊ देतोस का रे?"

"तिनेच शिकवलंय हे, अक्का!"

ती हसली. "कर बंद. पण मला पोचव."

धुक्यातून रिक्षा आवाज न करता घरंगळू लागली. बस नाही म्हणून सगळं गाव रस्त्याने चालत होतं. वळणावर एक पाठमोरा म्हातारा दिसला. दयापालने ब्रेक दाबला. उतारभर दाबून तापलेला ब्रेक धरेना.

"आजोबा, बाजूला!"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

वाचवलेल्या पेट्रोलवर रिक्षा चढण चढली. धडक बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं. दारातच डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं. "आत रक्तस्राव होतोय. बदुल्लाच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं."

"मग न्या ना!"

"कशातून, सिस्टर? अँब्युलन्स कोरडी आहे."

दयापाल रिक्षा कलती करून टाकी हलवत होता. आत काहीच वाजत नव्हतं.

"अक्काऽ!" आतून सुनेत्राची हाक आली.

म्हाताऱ्याने अक्काचा हात घट्ट धरला होता. "बाई, घरी सांगा, उशीर होईल म्हणून."

तिने त्याचं एकेक बोट सोडवलं, हात दयापालच्या हातात दिला आणि ती आत गेली.

बाळ रडलं तेव्हा सुनेत्रा भिंतीला टेकून हसली. हेमामालीने नाळ बांधली. तिचे कान दाराकडे होते. बाहेर आजोबांना हाका मारणारा दयापालही आता थांबला होता.