डोमाजींची अर्धी बांधी

मातीच्या ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गमबुटाला चिकटून ते आपोआप घरी येतात! मी अंगणात बूट धुवायला बसलो की बायको चहा घेऊन येते आणि म्हणते, "आधी सांगा, आज काय झालं?" बूट राहतात बाजूला.

आमचं ऑफिस बालाघाटला आणि काम लांजीकडच्या गावांत. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. बांधीत सतत पाणी उभं राहिलं की मातीत हवा जात नाही आणि हवा न सोसणारे जीवाणू माजतात. ते गॅस सोडतात, चिखलाला सडका वास येतो, मुळं काळवंडतात. मधे काही दिवस पाणी काढून दिलं की हवा आत शिरते, दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात आणि मुळं खोल जातात. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. फक्त हे धानवाल्या गावात पटवायचं असतं, तिथे खरी परीक्षा!

*

आमच्या मॅडम जबलपूरच्या. हुशार, पण भाषण करताना रंगात येतात. गावातल्या पहिल्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "पानी भरा रहता है तो मिट्टी के अच्छे जीवाणुओं का दम घुटता है!"

मागे डोमाजी बसले होते. गावातले सगळ्यात जुने धानवाले. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, आमच्या आज्यापासून बांधीत पानी हाय. मंग ते आतापर्यंत मेले काहून नाही?"

मीटिंग तिथेच संपली. म्हणजे मॅडम पुढे बरंच बोलल्या, पण ऐकत कोणीच नव्हतं.

*

तरी प्रयोगासाठी एक बांधी मिळाली, आणि तीही डोमाजींच्याच घरातून! त्यांची सून सुनंदाताई उभी राहिली आणि म्हणाली, "आमची घ्या. मामाजी, एक साल पाहू तं द्या."

चारचौघांत सुनेनं तोंड उघडलं, आता नाही म्हणणं बरं दिसेना. डोमाजींनी अट घातली. बांधीच्या मधोमध धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालायचा. अर्ध्या भागातलं पाणी सुनेनं हवं तेव्हा सोडावं, अर्ध्या भागात ते नेहमीसारखं पाणी उभं ठेवणार.

"तुही अर्धी वाळली तं या घरात पुन्हा मातीवाल्याईचं नाव काढाचं नाही. आन शेतीत बोलाचंबी नाही. न दिसनाऱ्या जीवासाठी मी पानी काहून सोडू?"

आम्हाला आनंदच झाला. तुलनेसाठी आम्हाला एक पाण्याचा भाग हवाच होता. ऑफिसात त्याला 'कंट्रोल' म्हणतात. सुनंदाताईचं मात्र त्या अर्ध्या बांधीवर सगळं पणाला लागलं होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

*

रोवणीनंतर रोपं चांगली फुटली, पाऊस उघडला, आणि आम्ही सुनंदाताईच्या भागाच्या धुऱ्याला खिंड पाडली. पाणी झुळझुळ वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर खिंड चिखलाने बंद, पाणी तुडुंब!

पुन्हा पाडली, पुन्हा बंद. मॅडमना घातपाताचा संशय आला. मी गावात चौकशी केली, "कोणी बुजवली?"

"मी," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "काल मी." एक म्हातारी म्हणाली, "सकाळी मीच तं लावला गोळा. आभार मानाचं काम नाही!"

या भागाची रीतच अशी आहे. धुऱ्यावरून चालताना कुठे पाणी गळताना दिसलं, तर बांधी कोणाची हे न विचारता चिखलाचा गोळा लावून पुढे जायचं. सगळं गाव इतकं सज्जन, की आमचा प्रयोग बुडायची वेळ आली!

मग मी मोठी पाटी करून रोवली: 'पानी जानबूझकर छोड़ा गया है।' दुसऱ्या दिवशी खिंड पुन्हा बंद. या वेळी आडवी पाटी लावून!

लावणारा शेजारी खुशीत होता. "चिखल वाहून जात होता भाऊ. पाटी मजबूत हाय."

*

आमचे ड्रायव्हर गणेशभाऊ म्हणजे सोन्यासारखा माणूस. डोमाजींच्या भागातल्या चिखलाचे नमुने आम्ही घट्ट झाकणाच्या नळ्यांमध्ये भरले. आतल्या जीवाणूंना हवा लागली की ते मरतात, म्हणून ही सगळी काळजी. नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवून गाडी बालाघाटला रवाना केली.

ऑफिसात पेटी उघडली तर सगळी झाकणं सैल!

"मॅडम, आपनेही बोला था ना, बेचारों का दम घुटता है," गणेशभाऊ म्हणाले. "मैंने रस्ते में दो बार हवा खिलाई!"

मॅडम खुर्चीत बसल्या. "गणेश, ये वाले हवा से ही मरते हैं."

गणेशभाऊंचा चेहरा पडला. "अरे बाप रे! मैंने तो खिडकी भी खुली रखी थी!"

*

एकदा मोठे साहेब पाहणीला आले. मॅडम धुऱ्यावरून पुढे चालत समजावत होत्या की गावकऱ्यांची खिंड बुजवायची सवय कशी मोडायला हवी. चालता चालता पायाशी पाणी गळताना दिसलं. मॅडमनी बोलणं न थांबवता वाकून चिखल उचलला, दाबला, बुटाने थोपटला आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

आमचीच खिंड होती ती!

डोमाजींनी लांबून टाळ्या वाजवल्या. "मॅडम, आता तुम्ही आमच्या गावच्या झाल्या!"

*

ऊन तापलं आणि एका दुपारी सुनंदाताईचा फोन आला. "दादा, भेगा पडून राह्यल्या. बाया हासून राह्यल्या. पानी घेऊ का?"

मी गेलो. भेगा बारीकच होत्या. बोट घालून दाखवलं, आत माती ओली होती. "अजून दोन दिवस थांबा, काही होत नाही," मी ठणकावून सांगितलं.

ती बोटाला लागलेल्या मातीकडे बघत म्हणाली, "तुमचं चुकलं तं तुम्ही बालाघाटले जाल. मी कुठं जाऊ?"

विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास होता, आजही आहे. पण ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तलावाचं पाणी घेतलं, बांधी पुन्हा हिरवीगार झाली आणि मी घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

*

फुलोरा यायच्या आधी शेवटचे नमुने घ्यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी गावात असतानाच सुनंदाताईनं दोन्ही भागांतलं एकेक रोप उपटून सासऱ्यापुढे ठेवलं. तिच्या रोपाची मुळं लांब आणि पांढरी. डोमाजींच्या रोपाची तांबूस-काळी, आखूड, वरून तो सडका वास.

डोमाजींनी दोन्ही मुळं नाकाशी नेली. बोटांनी चोळली. मग उठून गोठ्याकडे निघून गेले. सुनंदाताईनं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मॅडम आणि गणेशभाऊ नळ्या, बर्फाची पेटी असा सगळा सरंजाम घेऊन बांधीवर पोचलो. मॅडम एकदम थांबल्या. "हमारा कंट्रोल कहाँ है?"

डोमाजींच्या अर्ध्या भागात पाणी नव्हतं. धुऱ्याला चांगली हातभर खिंड पाडलेली, शेवटचं पाणी गुळगुळ निघून चाललेलं. आमची अख्ख्या हंगामाची तुलना त्या पाण्याबरोबर चालली होती! धुऱ्यावर डोमाजी फावडं आडवं धरून बसले होते. पलीकडे सुनंदाताई तोंडाला पदर लावून उभी होती, पण हसण्याने खांदे हलताना दिसत होते.

तेवढ्यात तो पाटीवाला शेजारी आला. पाणी गळताना दिसलं, तसा रीतीप्रमाणे वाकला, चिखलाचा गोळा उचलला.

डोमाजी फावडं घेऊन ताडकन उठले.

"खबरदार हात लावशीन तं! आतमंदी जीव हायेत, त्याईले हवा खाऊ दे!"